पुनाचा पितर

कुंदाबाईच्या हाताखाली मांडे शिकायला बसायचं म्हणजे शिव्या खायची तयारी ठेवूनच बसायचं, हे धुळ्यात पांझरा नदीकाठच्या त्यांच्या वस्तीतल्या झाडून सगळ्या सुनांना ठाऊक आहे. उपडं घातलेलं मातीचं खापर, खाली कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ, आणि हातावर पुरणाचा उंडा. तो उंडा बाई दोन्ही हातांवर अशी फिरवत फिरवत वाढवते की बघता बघता कोपरापर्यंत मांडा लोंबायला लागतो, आणि मग तो एका झटक्यात खापरावर. शिकणारीचा फाटला की कुंदाबाईचं तोंड सुटलंच म्हणून समजा. "हात शे का लाकूड शे तुना?" हा त्यातला सगळ्यात सौम्य प्रकार. बाकीचे इथे लिहिण्यासारखे नाहीत.

तरी लग्न असो, उत्तरकार्य असो, कुणाकडे पाहुणे असोत, मांड्यांना बोलावणं कुंदाबाईलाच. नवरा लवकर गेला. मुलगी मयुरी आणि मुलगा पुना, दोघांना तिनं या खापरावर वाढवलं. मयुरीला पारोळ्याला दिली. पुना हे नाव आजकालच्या पोरांत कुणी ठेवत नाही, पण ते त्याच्या आजोबांचं होतं आणि कुंदाबाईला सासऱ्यांविषयी फार माया. पोरगा मात्र नावावर नाराज. मित्रांनी त्याचं 'पीके' करून टाकलं होतं.

पीके म्हणवून घेणाऱ्या पोरांचं पुढे काय होतं ते आपल्याकडे चौकाचौकात टांगलेलं दिसतं. वाढदिवसाचे बॅनर. वर मध्यभागी गॉगल लावलेला कुणीतरी 'भाऊ', आणि खाली शुभेच्छुक म्हणून तिकिटाएवढ्या फोटोंची रांग. त्या रांगेत फोटो छापून आला की पोरांना आपण कुणीतरी झालो असं वाटायला लागतं. पुना त्यांच्या वस्तीतल्या 'किंग ग्रुप'च्या बॅनरवर खालच्या रांगेत होता, डावीकडून दुसरा. एका सकाळी तो बॅनर ब्लेडनं फाडलेला सापडला. नदीपलीकडच्या रॉयल ग्रुपवर आळ आला. संध्याकाळी कोरड्या नदीपात्रात दोन्हीकडची पोरं जमली, काठ्या निघाल्या, एक गुप्ती निघाली, आणि एकोणीस वर्षांचा पुना एका फाटलेल्या बॅनरपायी मेला. ज्या भाऊचा वाढदिवस होता तो मातीलासुद्धा आला नाही.

रॉयल ग्रुपच्या दोन मोठ्या पोरांना शिक्षा लागली. पण गुप्ती ज्याच्या हातात होती तो सतरा वर्षांचा. त्याचं काम वेगळ्या बाल न्याय मंडळापुढे, बंद दाराआड चाललं. कुंदाबाई बाहेर बाकावर बसून राहायची. पोलीस त्याला आणायचे तेव्हा त्याच्या तोंडावर फडकं असायचं. त्याचं नाव गोकुळ, एवढं तिला वस्तीतून कळलं. आणि एका हवालदारानं कनवाळूपणानं आणखी एक सांगितलं की बाकीचे सगळे पळाले, हे पोरगं पळालं नाही, रिक्षा येईपर्यंत पुनाजवळच बसून होतं. त्याला सुधारगृहात धाडलं, तीन वर्षांनी तो सुटला, आणि कायद्याच्या दृष्टीनं विषय संपला.

कुंदाबाईचा विषय तिथेच सुरू झाला होता. शिक्षा किती लागली, कमी की जास्त, यावर वस्तीत पुष्कळ बोलून झालं. तिला ते ऐकू येत नसे. तिला एकच हवं होतं. "मना पोऱ्या शेवटले काय बोलना, ते माले कोनीच नही सांगं," असं ती मयुरीजवळ म्हणायची, आणि मयुरी दरवेळी विषय बदलायची. रिक्षातच त्याचा जीव गेला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत बोलणारा कुणी उरला नव्हता. जाताना आपलं पोरगं घाबरलं होतं का, त्यानं पाणी मागितलं का, आईला हाक मारली का, हे ज्या बाईला ठाऊक नाही तिला झोप कशी लागावी? कुंदाबाईला लागत नव्हती.

असं सगळं असताना मोतीलाल तिच्या दारात आला.

मोतीलाल म्हणजे लग्नांच्या शूटिंगवाला. हळदीपासून बिदाईपर्यंत ड्रोन उडवणारा माणूस. मोबाईलवर बघायच्या खान्देशी विनोदी व्हिडिओंत त्याचं बरं चाललं होतं. सासू सुनेच्या मागे लाटणं घेऊन धावते आणि शेवटी स्वतःच शेणात पडते, या जातीचे. पण विनोदानं माणसाला मान मिळत नाही असं त्याच्या मनानं घेतलं होतं. त्याला आता गंभीर पिक्चर काढायचा होता. पोरांच्या टोळ्या, खून, कोर्ट आणि शेवटी न्याय. नावही ठरलं होतं, 'पांझराकाठचा न्याय'. कापडवाले रिखबचंदशेठ पाठीशी उभे राहिले होते, कारण त्यांचा नातू श्रेयांस हिरो होणार होता. गोष्ट पुनाची होती, म्हणून परवानगी हवी होती.

"अक्का, कोर्टात जे झालं ते झालं," मोतीलाल पायरीवर बसून म्हणाला. "पिक्चरमध्ये मी आरोपीला फाशी देतो."

"फासी दे नही तं दूध पाज," कुंदाबाई म्हणाली. "मना पुना शेवटले जे बोलना, तेच त्याना तोंडमा घालजो. दुसरं काही घालशी तं माले चालाव नही."

मोतीलालनं दोन्ही हात जोडून कबूल केलं. तो कामाच्या भरात सगळ्यांनाच सगळं कबूल करतो. वर युनिटच्या जेवणाचं कामही त्यानं तिच्याच गळ्यात घातलं, आणि चैत्राच्या उन्हात कुंदाबाई रोज दुपारी शेवभाजी, भाकरी आणि कधी मांडे घेऊन नदीपात्रात जायला लागली.

पिक्चर म्हणजे काय काय असतं याची तिला मोठी गंमत वाटली. रक्त म्हणून लाल रंग साखरेच्या पाकात कालवलेला, त्यामुळे दुपारपर्यंत श्रेयांसच्या सदऱ्याला मुंग्या लागायच्या. तो मरून पडलेला असायचा आणि मधेच खाजवायचा. मोतीलाल कपाळावर हात मारायचा. श्रेयांस पोरगा गोड. शेठच्या घरचा, पण ताटावर बसताना "अक्का, तुम्ही जेवलात का?" विचारून बसणारा. सगळे तिच्या हातचं मिटक्या मारत खायचे. फक्त एक दाढी राखलेला पोरगा ताटावर यायचाच नाही. रॉयल ग्रुपच्या पोरांत मागे उभं राहायचं काम होतं त्याला. जेवायच्या वेळेला तो पुलाच्या सावलीत जाऊन बसायचा आणि घरून आणलेली भाकरी खायचा. मांड्याला नाही म्हणणारा माणूस कुंदाबाईनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तिनं दोनदा ताट पाठवलं, दोन्ही वेळा ते तसंच परत आलं. त्याच्या नावानं तिनं मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि सोडून दिलं.

मग मरणाच्या सीनचा दिवस आला. ती मांड्यांची टोपली घेऊन पोचली तेव्हा श्रेयांस वाळूत आडवा होता, पोटावर लाल रंग, आणि आकाशाकडे बघत तो म्हणत होता, "आई! माझ्या रक्ताच्या थेंबाथेंबाचा जाब विचार! मला न्याय हवा, आई, न्याय!" तेही एकदा नाही. मोतीलालचं समाधान होईना, म्हणून परत पहिल्यापासून. दर खेपेला त्या वाक्याला आणखी एक वाक्य चिकटत गेलं. शेवटी तर मरता मरता श्रेयांसनं व्यवस्थेवर चांगलं दणदणीत भाषणच ठोकलं.

कुंदाबाई टोपली डोक्यावर तशीच धरून उभी. हे आपलं पोरगं बोललेलं नाही, एवढं तिला कळत होतं. ती तोंड उघडणार एवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"तो इतलं बोलना नही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. दाढीवाला पोरगा. त्यानं ते कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. ऐकवत नव्हतं म्हणून त्याच्या तोंडून गेलं होतं. युनिटमधली सगळी पोरं एकदम खाली वाळूकडे बघायला लागली आणि मोतीलालचा चेहरा उतरला. त्या उतरलेल्या चेहऱ्यावरून कुंदाबाईला सगळं समजलं. मांडा न खाणारं हे पोरगं कोण, आणि इथे कुणाकुणाला ते ठाऊक होतं, सगळंच.

"मंग काय बोलना तो?" तिनं विचारलं.

पोरानं तिच्याकडे एकदा पाहिलं. मग अंगावरचा सीनमधला सदरा काढून वाळूवर ठेवला, आपला घातला आणि पुलाच्या दिशेनं चालता झाला. तो परत सेटवर आला नाही.

मोतीलालला त्या दिवशी जे ऐकावं लागलं ते त्याच्या सात पिढ्यांना पुरेल. खरा माणूस असला की सीन खरा होतो असं वाटलं म्हणून आपण गोकुळला जळगावाहून शोधून आणला, तोही नाही म्हणाला नाही, तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, असं तो सांगत राहिला. कुंदाबाईनं त्याचं मूळ गाव, त्याचा कॅमेरा, त्याचं ड्रोन, कशालाही सोडलं नाही. मात्र टोपली परत नेली नाही. भरलेले मांडे वाया घालवणं तिच्या रक्तात नाही. शिव्या देत देत तिनं सगळ्यांना वाढलं आणि सगळ्यांनी खाली मान घालून खाल्लं.

घरी आल्यावर मात्र ती चुलीपुढे बसून राहिली. राग होता, पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि त्याचीच तिला लाज वाटत होती. तिला त्या पोराच्या मागे धावावंसं वाटलं होतं. ज्यानं आपला पोरगा मारला त्याची बाही धरून विचारावंसं वाटलं होतं. जगात एकाच माणसाला ते माहीत, आणि तो नेमका तो. त्याच्याशी बोलायचं कोणत्या तोंडानं? तो आपल्याशी बोलेल तो कोणत्या नात्यानं? आणि बोललाच, तर पुनाचं नाव त्याच्या तोंडून ऐकायचं, ते सोसवेल का?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचे झोके आणि गाणी, तशीच ती पितरांचीही. नवी घागर भरायची, वर खरबूज, सांजोऱ्या आणि आंबे ठेवायचे, उंबऱ्यावर एकेका पूर्वजाचं नाव घेऊन कुंकवाचं बोट ओढायचं आणि निखाऱ्यावर घासाची आगारी द्यायची. शिवाय घरात जो गेला त्याच्या जागी त्याच्याच वयाचं एखादं माणूस आवतण देऊन जेवायला बसवायचं. तो त्या दिवसाचा पितर. कुंदाबाईच्या सासरी ही रीत फार काटेकोर. पाटावर बसल्यापासून हात धुईपर्यंत त्याला त्याच्या नावानं हाक मारायची नाही. तो गेलेलाच माणूस. जेवण झालं की घरातलं वडीलधारं त्याला विचारतं, पोट भरलं का, काही राहिलं का, आणि त्यानं गेलेल्याच्या वतीनं उत्तर द्यायचं. उत्तरही ठरलेलंच, भरलं, काही राहिलं नाही.

पुनासाठी पहिल्या वर्षी दिराचा मुलगा बसला. त्यानंही ठरलेलं उत्तर दिलं, आणि कुंदाबाईला वाटलं, तुला काय माहीत रे काय राहिलं ते. दुसऱ्याच आठवड्यात तो मोटारसायकलवरून पडला आणि भाऊबंदांत बोभाटा झाला की पुना शांत नाही, सोबत न्यायला बघतो. तेव्हापासून पुनाच्या पाटावर बसायला कुणी तयार होईना. घागर भरायची, आगारी द्यायची, आणि पाट रिकामा. पोरगं उपाशी जातं आपलं, हे दुःख तिला त्या दुसऱ्या दुःखाइतकंच छळायचं.

श्रेयांसच्या कानावर हे गेलं. तो मुद्दाम घरी आला. "अक्का, पिक्चरमध्ये मी पुना झालोच आहे. मी बसतो पितर. आजोबांना विचारलंय, ते हो म्हणाले."

कुंदाबाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. गुणी पोरगं. पण तिच्या मनात आलं, हा बसेल आणि मी विचारलं तर हा काय सांगेल? मोतीलालनं लिहून दिलेलं. आणि तो विचार तिथेच न थांबता पुढे गेला, इतका पुढे की तिनं श्रेयांसच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. गोकुळशी तिला बोलता येणार नव्हतं. पितराशी बोलता येत होतं. पाटावर जो बसेल त्याला ती पुना म्हणूनच विचारणार आणि त्याला पुना म्हणूनच सांगावं लागणार. मग पाटावर असा माणूस बसवावा ज्याला खरं उत्तर माहीत आहे.

आखाजीसाठी माहेरी आलेल्या मयुरीनं हे ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"माय, तुले येड लागनं का? ज्या हातमा गुप्ती व्हती, त्या हातमा तू मांडा देशी?"

"पाटवर बठना का तो पुनाना हात शे."

"लोके थुंकतीन आपलावर."

"थुंकू दे. लोकेसले तरी काय माहीत शे, पुना काय बोलना ते?"

मयुरी रडली. तिचंही चुकत नव्हतं. भाऊ तिचाही होता, राखी बांधायला हात तिलाही उरला नव्हता. पण कुंदाबाई एकदा ठरवून बसली की तिला हलवायला मयुरीचे वडीलही कधी धजावले नव्हते.

मोतीलालकडून पत्ता घेऊन आखाजीच्या आदल्या दिवशी ती एस.टी.त बसली. पारोळ्यात गाडी थांबली तेव्हा मयुरीच्या सासरचं कुणी दिसू नये म्हणून तिनं पदर पुढे ओढून घेतला. जळगावात गोकुळ त्याच्या मामाकडे, रुपचंदकडे राहायचा. मामा-भाचे दोघंही केळीच्या वखारीत घड उतरवायच्या कामाला. गल्ली विचारत विचारत ती पोचली तेव्हा रुपचंद दारात उभा होता. कोण आहे हे तिनं सांगितलं, तसा तो माणूस भिंतीला टेकला. भांडायला आली असेल असं वाटून त्यानं आधीच हात जोडले. पाणी घ्या म्हणाला. तिनं पाणी घेतलं नाही आणि उंबराही ओलांडला नाही.

गोकुळ आतून बाहेर आला. केळीच्या चिकानं त्याचा सदरा काळा पडलेला होता. जवळून बघितल्यावर तो तिला अगदीच कोवळा वाटला, दाढीच्या आड तोंड लपवणारं पोरगं. तिला ते आवडलं नाही. मारणारा कसा मारणाऱ्यासारखा दिसायला हवा होता, म्हणजे सोपं गेलं असतं.

"सकाय आखाजी शे," ती म्हणाली. "पुनाना पितर बठाले ये."

त्याला आधी कळेचना. मग कळलं आणि तो मामाकडे बघायला लागला. रुपचंद म्हणाला, "अक्का, हाई काय बोली राहिनात तुम्ही?"

"आवतण दी राहिनू," कुंदाबाई म्हणाली. "आवतणले नही म्हनता येत नही." आणि ती आल्या पावली मागे फिरली. परतीच्या गाडीत, तो आला नाही तर बरं, असं तिला एरंडोलपर्यंत वाटत राहिलं. तिथून पुढे वाटायला लागलं की न आला तर मेलेच मी.

आखाजीच्या दिवशी ऊन असं की मातीची भिंतसुद्धा तापलेली. पहाटे उठून तिनं खापर मांडलं होतं. मांडे झाले, आमरस झाला, कढी, भजी, कुरडया. मयुरी पिसाळल्यासारखी काम करत होती. मोतीलाल कॅमेरा घेऊन कोपऱ्यावर घोटाळत होता. एवढा सीन हातचा जाऊ नये म्हणून तो तळमळत होता बिचारा. कुंदाबाईनं त्याला नुसतं हाताच्या इशाऱ्यानं हाकललं. त्या दिवशी शिवी देऊन तोंड विटाळायचं नव्हतं तिला.

गोकुळ आला. दाढी काढून, धुतलेला सदरा घालून. गल्लीतल्या लोकांनी दारं पुढे लोटली आणि फटींतून पाहिलं. तो उंबऱ्याशी थांबला. तिथे कुंकवाची बोटं ओढलेली होती, शेवटचं, पुनाच्या नावाचं, ताजं. त्यानं ते लांब पाऊल टाकून ओलांडलं आणि पाटावर बसला.

कुंदाबाईनं ताट वाढलं. मांडा घडी घालून ठेवला, वर तूप सोडलं. "जेव, पुना," ती म्हणाली. हे नाव तिनं मोठ्यानं उच्चारलं आणि आत मयुरीच्या हातून भांडं पडलं.

पोरगा जेवायला लागला. त्यानं पानात काही टाकलं नाही. तिनं आणखी एक मांडा वाढला, तोही त्यानं खाल्ला. तो खात होता आणि ती समोर बसून बघत होती, आणि खरं सांगायचं तर थोडा वेळ तिला बरं वाटलं. पाटावर कुणीतरी खात होतं.

"पोट भरनं का, पुना?"

"भरनं, माय."

"काही राहिनं का?"

इथे 'नही' म्हणायचं असतं. त्यानं ते म्हटलं नाही, मान ताटावर वाकवली. कुंदाबाई थोडी पुढे सरकली.

"पुना, शेवटले तू काय बोलनास रे?"

त्याचा उष्टा हात वाळत चालला. मयुरी दाराच्या चौकटीत येऊन उभी होती, तिनं तोंडावर पदर दाबून धरला होता. तो ताटाकडेच बघत बोलला.

"मी म्हनं, मायले सांगू नको."

कुंदाबाईनं त्याच्या ताटाची कड धरली.

"मी म्हनं, जास्त लागेल नही शे. टाका घालीसन घर जासू. मायले समजनं तं ती जेवाव नही. तिले सांगू नको." मग अगदी हळू, "गोकुळले म्हनं मी. त्यानी मना पोटवर रुमाल दाबी धरेल व्हता. तो म्हने, नही सांगस."

पुनाला मरतोय हे कळलंच नव्हतं. ना न्याय, ना रक्ताचा जाब. मारामारी केली म्हणून आई ओरडेल आणि रुसून उपाशी बसेल, एवढीच भीती घेऊन पोरगं गेलं होतं. आणि या दुसऱ्या पोरानं ते मंडळापुढे सांगितलं नाही, सुधारगृहात सांगितलं नाही, मोतीलालनं इतकं खोदूनसुद्धा सांगितलं नाही. नाही सांगत म्हणून कबूल केलं होतं ना.

कुंदाबाईला रडू फुटलं. ती अशी रडली की फटीतून बघणाऱ्यांनी दारं नीट लावून घेतली. रडता रडता ती पाटावरच्याशी बोलत होती. "येडा. येडा शेस तू. ओरडली असती मी, दोन चापट्या दिल्या असत्या, मंग जेवनं दिलं असतं. सांगाले पाहिजे व्हतं रे." शहरातली भाषा आणि घरची भाषा तिच्या तोंडात एक होऊन गेली. पोरानं मान वर केली नाही. त्याच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं आणि ते पुसायला त्याचा हात उष्टा होता.

शेवटी तिनंच तांब्या घेतला आणि त्याच्या हातावर पाणी घातलं. हात धुऊन झाला. आता तो पितर नव्हता. तो उठला आणि तिच्या पायांकडे वाकला, तसे तिनं पाय झटकन मागे घेतले.

"नको," ती म्हणाली. "ते माले जमाव नही."

तो तसाच अवघडून उभा राहिला. मग चपला घालायला दाराकडे गेला. मयुरीनं बाजूला होऊन त्याला वाट दिली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, पण थुंकलीही नाही. तो बाहेर पायरीवर उतरला तेव्हा कुंदाबाई उंबऱ्याशी आली. तिला त्याची कीव येत होती, आणि कीव येते म्हणून संतापही येत होता.

"गोकुळ," तिनं हाक मारली.

तो वळला.

"पुढला वरीसले मी आवतण देवाले येवाव नही. दिन तुले माहीत शे."

त्यानं मान हलवली. तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ती उन्हात उभी होती. मग ती आत आली. मयुरीनं दुसरं ताट वाढून ठेवलं होतं. कुंदाबाई त्या ताटावर बसली आणि जेवली.